बीपीचं मशीन, आठ महिन्यांनंतर: आकडे खरे, घड्याळ खोटं

हा अनुभव मी पहिल्यांदा लिहायला घेतला तेव्हा सुरुवातच 'हे मशीन घेऊ नका' अशी होती. आता आठ महिने झाले, मशीन उशाशीच आहे आणि ते वाक्य मला खोडावं लागतंय. घड्याळाबद्दलचा राग मात्र तसाच आहे.

दंडाला गुंडाळायचा पट्टा, एक बटण, चार सेल, साठ रीडिंगची मेमरी. अशी मशिनं तुम्ही पाहिलेली आहेत. दवा बाजारातून 1,950 रुपयांना घेतलं, घासाघीस करून. माझं सांगायचं तर 2016 मध्ये ए.बी. रोडवर (आग्रा-मुंबई रस्त्यावर) अपघात झाला आणि मज्जारज्जूला टी 5 पातळीवर, म्हणजे छातीच्या पाचव्या मणक्याशी, इजा झाली. तेव्हापासून व्हीलचेअर. छातीखाली काही कळत नाही, लघवी भरली तेही नाही. दिवसातून चारदा नळी घालतो.

मशीन घ्यावं लागलं कारण एका दवाखान्यात दीड तास बसवून ठेवल्यावर माझं बीपी 170 निघालं. डॉक्टरांनी त्या एका आकड्यावर अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी सुरू केली आणि 'घरी मोजत जा' म्हणाले. घरी सकाळी 104/66, अकराला 168/98, दुपारी पुन्हा 110. गोळी घेतल्यावर सकाळी पलंगावरून खुर्चीत सरकताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, आणि आधीच सुजणारे पाय आणखी सुजले. मी ठरवून टाकलं, मशीन खोटं बोलतंय.

एका बाबतीत ते खरोखर खोटं होतंच, पण दोष पट्ट्याचा. बरोबर येणारा पट्टा 22 ते 32 सेंटिमीटरचा. खुर्ची ढकलून ढकलून माझा दंड 36 चा झालाय. लहान पट्ट्यानं आकडा फुगतो. मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागला, 900 रुपये! मशीनच्या निम्म्या किमतीचं कापड. दहा-बारा अंकांचा फरक पडला. बाकीचा चढउतार जिथल्या तिथे.

मग सर्व्हिस सेंटर. दुसरा मजला, लिफ्ट नाही. मी खाली गाडीवर बसलेलो, मुलगा वर-खाली करतोय. शेवटी तिथला पोरगा खाली आला, स्वतःच्या दंडाला पट्टा लावला, 118/78. "अंकल, मशीन तो एकदम सही है." मी त्याला मेमरी दाखवली: 168, आणि त्याच रीडिंगला नाडी 54. म्हटलं, बीपी एवढं वाढलेलं आणि नाडी मंद, हे कसं शक्य आहे? तोही गप्प. तीन चकरा झाल्या. चौथ्या वेळी त्यानं विचारलं, ये रीडिंग कितने बजे की है? मेमरीत लिहिलेलं, 1 जानेवारी, 12:07. त्याच्या आधीचं रीडिंगही 1 जानेवारीचंच.

आता माझा मुख्य मुद्दा. या मशीनचे सेल काढले की घड्याळ शून्यावर जातं. आणि मी सेल रोज रात्री काढतो. रेडिओचे काढायचो, टॉर्चचे काढतो, सेल का फुकट जाळायचे? आत एक बटणसेल टाकला असता तर कंपनीचं काय गेलं असतं? साठ रीडिंग लक्षात ठेवणाऱ्या यंत्राला तास आठवू नये, हे मला आजही पटत नाही.

वाचवलं ते आमच्या हिच्या कालनिर्णयनं. रोजच्या रतीबाच्या दुधाचा हिशोब ती त्यावर ठेवते. त्याच चौकटीत माझं बीपी आणि नळीची वेळ तिनं लिहिली होती: 'दूध दीड ली., 168, नळी 11.20.' दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी मशीनकडे पाहिलंही नाही. पानं उलटली, बोटानं खाली सरकत गेले आणि म्हणाले, "नळी झाल्यावर दहा मिनिटांनी दरवेळी उतरलंय की!"

टी 6 किंवा त्याच्या वरच्या इजेत असं होतं म्हणे. मूत्राशय तुंबलं की इजेखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, मेंदूचा 'सैल सोडा' हा निरोप खाली पोचत नाही. मेंदू त्याच्या हातात आहे तेवढंच करतो, नाडी मंद करतो. म्हणजे सर्व्हिसच्या पोराला मी जो बिघाडाचा पुरावा दाखवत होतो तोच आजाराचा पुरावा होता. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया हे नाव मला आठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं. डोकं ठणकणं, कपाळाला घाम, अंगावर काटा, नाक चोंदणं, सगळं होत होतं. नाकासाठी मी सर्दीची गोळी घ्यायचो. ती गोळीही बीपी वाढवते! खांद्याच्या दुखण्याची डायक्लोफेनॅकही तेच करते. दोन्ही बंद झाल्या.

आणि मूत्राशय तुंबत का होतं? सकाळी पोहे, दोन कप चहा, वर पाणी; आणि एक नळी वाचावी म्हणून मी पाच तासांचं अंतर सातवर नेलं होतं. हिनं ते डॉक्टरांसमोर सांगितलं. मी कालनिर्णयकडे बघत बसलो.

अ‍ॅम्लोडिपिन डॉक्टरांनी थांबवली. लघवी वाढवणारी बीपीची गोळी तर माझ्यासाठी उलटच पडली असती, असंही म्हणाले. संध्याकाळचं बीपी अजून 138-140 असतं, ते मूत्राशयावर ढकलता येत नाही. रतलामी शेव कमी करायला सांगितलीय, करतोय. एक सवय मोडायला वेळ लागला: बीपी वाढलं की ही मला आडवं करायची. अशा इजेत ते चूक. सरळ बसवायचं, पाय खाली सोडायचे, पोटाचा पट्टा आणि बूट सैल करायचे, नळी घालायची, दर पाच मिनिटांनी मोजायचं. 150 च्या वर राहिलं तर थांबायचं नाही, दवाखाना. तसं पत्र डॉक्टरांनी लिहून दिलंय, पाकिटात असतं. या पाच-पाच मिनिटांच्या मोजण्यात मशीन उत्तम चालतं. फक्त पायाला झटके आले की एरर दाखवतं, तेव्हा गुडघा दाबून धरावा लागतो.

सर्व्हिसच्या त्या पोराला जाऊन सांगायचं आहे, अजून गेलो नाही. दुसरा मजला आहे.

चार तारे. एक घड्याळाचा कापला. सेल आता रात्री काढत नाही, तरी काल संपलेच. नवे घातले, पुन्हा 1 जानेवारी, 12:00. मी बटणं दाबत बसलो, तोवर हिनं चौकटीत लिहूनही टाकलं: 'दूध एक ली., 112, नळी 10.40, सेल चार.'