करडीचं तेल घाण्यावरच काढा, पाटी मात्र वाचू नका

परभणीत लाकडी घाणे आता गल्लोगल्ली झालेत. त्यातल्या मोंढ्याकडच्या एका घाण्यावर आमचं करडीचं तेल निघतं, त्याबद्दल लिहिते.

तयार तेल तिथं मिळतंच, पण घरची करडी नेली तर समोर काढून देतात. भावाच्या रानात कृषी विद्यापीठाचं 'परभणी कुसुम' वाण असतं. काढणी म्हणजे काट्यांशी झोंबाझोंबी. पहाटे दवानं काटे नरम असतात तेवढ्यातच हात चालवायचा, तोही फडकं गुंडाळून. असा माल दुसऱ्याच्या मालात मिसळू नये म्हणून पोतं उतरवलं की मी तिथंच खुर्ची टाकून बसते. "तेल निघायलंय काकू, चहा घ्या," म्हणतो पोरगा. घाणा मोटारीवर आहे, बैल नाही, पण फिरतो संथ. बी आत पडलं की वरून पाण्याचा हबका मारतात, मग पेंड कडेला धरते आणि तेल बारीक धारेनं उतरतं. बोटाला कोमट लागतं, कढत नाही. दहा किलोला दोन-अडीच लिटर पदरात पडतं. मोठ्या कारखान्यात जास्त निघतं, कारण तिथं पेंडीत उरलेलं तेलही रसायनानं ओढून घेतात. पेंड नको असेल तर मजुरीत वळती करतात. मी वळतीच करते, गोठा आता कुठं राहिलाय!

तेल गढूळ असतं. दोन-तीन दिवस स्टीलच्या डब्यात निवळू द्या, तळाचा गाळ सोडा. गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वरून हे कच्चं तेल, यापुढं मला दुसरं काही लागत नाही. सुनेला त्याचा वास अजून सोसत नाही, तेही खरं.

आता घाण्यावरची ती पाटी. बीपी, शुगर, सांधेदुखी, हार्ट, सगळ्यावर गुणकारी! "का हो, हे कोणी सांगितलं?" विचारलं तर मालक म्हणे, "काकू, गिऱ्हाईक वाचूनच येतं." करडीच्या साध्या वाणांच्या तेलात लिनोलिक आम्ल (ओमेगा-6 जातीची असंतृप्त चरबी) 70 टक्क्यांच्या आसपास असतं, आणि डालड्याच्या जागी असं तेल आलं तर कोलेस्टेरॉलला बरं, एवढंच खरं. माझी बीपीची गोळी चालूच आहे. ओमेगा-3 तर यात नावालाच. त्यासाठी जवसाची चटणी असते, पण जवस हा मालक विकत नाही, म्हणून पाटीवरही नाही.

तळणीला हे तेल घेऊ नका, लवकर धुरकटतं. दर्शनी काचेत मांडलेल्या बाटल्यांनाही हात लावू नका. उन्हाळ्यात इथला पारा 40 च्या पुढं, आणि करडीचं तेल ऊन-उजेडात लवकर खवट होतं. आतल्या टाकीतलं मागा, आणि महिनाभर पुरेल एवढंच घ्या.

भाव किलोचा की लिटरचा, ते आधी विचारा. लिटरभर तेल भरतं 920 ग्रॅमच्या आसपास, आणि पोरगा दोन्ही भाव एकाच दमात सांगतो. डबा घरून न्या, कॅनचे वेगळे पैसे लावतात. मार्च-एप्रिलात नव्या करडीची गर्दी असते, तेव्हा फोन करून आधी नंबर लावा.