लांब मुदतीचा करार की लढतीपुरता?

प्रो बॉक्सिंगमध्ये चार-पाच लढती जिंकल्या की हा प्रश्न येतोच. लढती भरवणाऱ्या एका प्रमोटरशी तीन ते पाच वर्षांसाठी बांधून घ्यायचं, की प्रत्येक लढतीचा वेगळा करार करत मोकळं राहायचं? मी दोन्ही केलं आहे. आधी चार वर्षांचा करार, त्यानंतर लढतीपुरते. आता रिंगमध्ये उतरत नाही, पण जिममधली मुलं कागद घेऊन येतात तेव्हा त्यांना जे सांगतो, तेच इथे लिहितो.

आधी लांब कराराबद्दल बोलू, कारण त्याची बाजू खरंच भक्कम आहे. नवख्या बॉक्सरला सगळ्यात जास्त गरज असते ती चांगल्या मॅचमेकरची, म्हणजे कोणाची लढत कोणाशी लावायची ते ठरवणाऱ्याची. माझी सहावी लढत डावखुऱ्याशी लावली होती, सातवी सतत मागे सरकणाऱ्याशी, आणि आठवीत समोरचा असा होता की पहिल्यांदाच मला आठही फेऱ्या पूर्ण कराव्या लागल्या. हा क्रम कोणीतरी बसून, विचार करून लावला होता. एकट्याने फिरणाऱ्याला असं घडवणारं कोणी मिळत नाही. मोकळ्या बॉक्सरला फोन येतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या माणसाला प्रतिस्पर्धी हवा असतो म्हणून. वैद्यकीय तपासण्या, स्पारिंगची म्हणजे सरावाला समोर उभी राहणारी माणसं, लढतीआधीच्या कॅम्पचा खर्च स्वतःच्या किंवा मॅनेजरच्या खिशातून जातो. तिकिटं समोरच्याच्या नावावर खपलेली असतात आणि अटीतटीच्या फेऱ्या, निदान मला तरी तसं वाटलं, यजमानाकडे झुकतात.

इतकं असूनही माझं मन फिरलं ते एका गोष्टीमुळे.

माझ्या करारात लिहिलं होतं की प्रमोटर वर्षाला तीन लढती ‘ऑफर’ करेल. ऑफर म्हणजे देऊ करणं, देणं नव्हे. सही करताना हा फरक माझ्या लक्षात आला नाही. त्याखालच्या कलमात होतं की दुखापत, निलंबन किंवा बॉक्सरने नाकारलेली लढत, यात जितका काळ जाईल तितका मुदतीच्या शेवटी वाढेल. बाहेरची लढत घ्यायची तर प्रमोटरची लेखी परवानगी हवी. ती किती दिवसांत द्यायची, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

तिसऱ्या वर्षी दुसऱ्या प्रमोटरकडून विचारणा आली. लाइटवेट, प्रतिस्पर्धी रँकिंगमध्ये माझ्या बराच वर, हातात पाच आठवडे. मी त्याच दिवशी परवानगी मागितली. उत्तर आलं नाही. फोन केला की ‘बघतो, कळवतो’. लाइटवेटची मर्यादा 61.2 किलो. मी 65 वरून उतरायला सुरुवात केली होती, कारण होकार आल्यावर सुरुवात करून चालत नाही. रोज सकाळी आधी वजनकाट्यावर उभा राहायचो, मग फोन बघायचो. एकोणिसाव्या दिवशी काटा 62.3 वर होता आणि समोरच्यांनी दुसरा माणूस घेतला. त्यांचंही बरोबर होतं, त्यांना पोस्टर छापायचं होतं. आमच्याकडून निरोप आला तेविसाव्या दिवशी: वरच्या वजनगटात, दहा दिवसांच्या नोटिशीवर एक लढत. मी नाकारली. ती ‘ऑफर’मध्ये मोजली गेली आणि मुदत पाच महिन्यांनी लांबली. करार संपण्याची तारीख मी सरावाच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवली होती. तीनदा खोडून नवीन लिहावी लागली. तिथला कागद विरून गेला होता.

त्यांनी सरळ नाही म्हटलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी पोटभर जेवलो असतो आणि पुढच्या लढतीच्या मागे लागलो असतो. परवानगी नाकारण्याचा हक्क मला समजू शकतो, त्यांनी पैसा लावलेला असतो. उत्तरच न देण्याने मात्र बॉक्सरची वर्षं जातात, आणि या धंद्यात तीच मोजकी असतात.

हे मोठ्यांनाही चुकलेलं नाही. अमेरिकन बॉक्सर मायकी गार्सिया टॉप रँक या प्रमोटर कंपनीशी झालेल्या वादात जानेवारी 2014 ते जुलै 2016 रिंगबाहेर होता, तेही अपराजित आणि ऐन भरात असताना. आंद्रे वॉर्डही प्रमोटरशी भांडण्यात नोव्हेंबर 2013 ते जून 2015 लढला नाही. फ्लॉइड मेवेदरने 2006 मध्ये टॉप रँकला साडेसात लाख डॉलर देऊन स्वतःला सोडवून घेतलं. तेव्हा ती रक्कम मोठी वाटली असेल. पुढची कमाई पाहता इतका स्वस्त सौदा क्वचितच कोणी केला असेल. मेक्सिकोचा कानेलो आल्वारेझ नोव्हेंबर 2020 मध्ये गोल्डन बॉय या प्रमोटर कंपनीपासून मोकळा झाला आणि पुढच्या नोव्हेंबरपर्यंत चार लढतींत सुपर मिडलवेट गटातले जागतिक विजेतेपदाचे चारही बेल्ट त्याच्याकडे आले. त्याने हरवलेल्यांपैकी कॅलम स्मिथ आणि साँडर्स मॅचरूम या प्रमोटरकडचे, प्लांट पीबीसी या वेगळ्याच गटाकडचा. एका छत्रीखाली राहून हे इतक्या झटपट जमलं असतं असं मला वाटत नाही.

अर्थात कानेलोमागे गर्दी आहे, तुमच्या-माझ्यामागे नाही. आणि मोकळं झालं म्हणजे सगळी दारं उघडतात असंही नाही. टेरेन्स क्रॉफर्ड नोव्हेंबर 2021 मध्ये टॉप रँकमधून बाहेर पडला, तरी त्याच वजनगटातल्या दुसऱ्या विजेत्याशी, एरॉल स्पेन्सशी, लढत व्हायला जुलै 2023 उजाडलं.

लढतीपुरत्या करारातही फट असते, ती नीट वाचा. ‘तू जिंकलास तर पुढच्या दोन-तीन लढती आमच्याकडे’ असं कलम हमखास घातलेलं असतं. म्हणजे जिंकूनच तुम्ही बांधले जाता. अमेरिकेत 2000 च्या मुहम्मद अली कायद्याने यावर मर्यादा आणली. समोरच्या प्रमोटरच्या बॉक्सरशी लढायला मिळावं म्हणून असे हक्क द्यावे लागले, तर ते 12 महिन्यांपलीकडे टिकत नाहीत. आणि बेल्टसाठीच्या सक्तीच्या लढतीत, म्हणजे संघटनेने नेमलेल्या आव्हानवीराशी विजेत्याला लढावंच लागतं तिथे, असे हक्क मागताच येत नाहीत. हा कायदा तिथलाच. बाकी ठिकाणी कागदावर असेल तेवढंच संरक्षण.

तुमच्या पाच-सहाच लढती झाल्या असतील आणि मॅचमेकर नावाजलेला असेल, तर लांब करार करायला मी अडवणार नाही. फक्त मुदतवाढीला वरची मर्यादा लिहून घ्या. दहा-बारा लढती होऊन रँकिंगच्या जवळ असाल, तर मी तरी मोकळाच राहीन. फार तर तीन लढतींचा छोटा करार.

माझा शेवटचा करार तसाच होता. त्यात मी एक वाक्य घालून घेतलं: बाहेरच्या लढतीबद्दल विचारल्यावर सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ती परवानगी समजावी. प्रमोटरने ते दोनदा वाचलं आणि काही न बोलता सही केली. वर्षभरात मी एकदाच विचारणा पाठवली. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं: नाही. खाली त्यांच्याकडच्या लढतीची तारीख आणि समोरच्याचं नाव. मी त्याच संध्याकाळी त्या माणसाच्या जुन्या लढती बघायला बसलो.