नारळी पौर्णिमा की ३१ जुलै? मासे खाणाऱ्या नागपूरकरांसाठी

पावसाळ्यात नागपूरच्या बाजारात पापलेट, सुरमई दिसली की थांबा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस सरकारी मासेमारी बंदी असते. कारण प्रजननाचा काळ आणि खवळलेला समुद्र. कोळ्यांची मर्यादा मात्र नारळी पौर्णिमा: २०२३ मध्ये ३० ऑगस्ट, २०२४ मध्ये १९ ऑगस्ट.

तारीख सरकते, पण मागचं ज्ञान पक्कं आहे. कोळी तिथीवरून पाणी ओळखतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत आली की भरती मोठी, काटकोनात आली की लहान, हे विज्ञानही तेच सांगतं. शिवाय उशिरा निघालेल्या होडीमुळे पिल्लांना वाढायला आणखी काही दिवस मिळतात.

कायद्याची ताकद वेगळी. यांत्रिक ट्रॉलर सणाला बांधील नाही, बंदीला आहे. म्हणून बंदी हवीच. पण मला विचाराल तर खरेदी पौर्णिमेनंतरच करा.

तोवर? गोड्या पाण्यातले रोहू, कटलाही पावसातच अंडी घालतात. ढिवर बांधवांकडून (विदर्भातले मासेमार) घेताना अंड्यांनी भरलेली मादी नको म्हणा.