ग्लोबल डीआरओ: औषध बंदीत आहे का ते सांगणारं संकेतस्थळ, भारतीय खेळाडूच्या नजरेतून

साध्या कफ सिरपमुळे क्रिकेटपटूला आठ महिने बाहेर बसावं लागतं, हे २०१९ मध्ये पृथ्वी शॉच्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिलं. २२ फेब्रुवारीला इंदूरमध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी घेतलेल्या लघवीच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं. ते बऱ्याच कफ सिरपमध्ये असतं आणि ‘वाडा’च्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीनुसार स्पर्धेत व स्पर्धेबाहेर, कायमच बंद आहे. चूक अनवधानाने झाली हे बीसीसीआयने मान्य केलं, तरी निलंबन टळलं नाही. कारण शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूची असते, ते कोणी लिहून दिलं याची चौकशी नंतरची. अशी बाटली उघडण्याआधी दोन मिनिटांत तपासता येते आणि त्यासाठी ग्लोबल डीआरओ हे मोफत संकेतस्थळ आहे.

अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाच्या उत्तेजकविरोधी संस्थांनी मिळून ते उभं केलं. आज ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान आणि स्वित्झर्लंड इथली औषधंही त्यात सापडतात. भारत त्यात नाही. तरीही आपल्या पैलवानांना, धावपटूंना, नेमबाजांना ते उपयोगी पडतं. फक्त ते कसं वापरायचं हे आधी समजून घ्यावं लागतं.

खातं उघडावं लागत नाही. तुम्ही कोण (खेळाडू, प्रशिक्षक, डॉक्टर), खेळ कोणता आणि औषध कोणत्या देशात विकत घेतलं, एवढं निवडलं की शोधाची चौकट येते. देश विचारला की ‘ग्रेट ब्रिटन’ निवडा. आपल्याकडची औषधांची नावं ब्रिटिश पद्धतीची आहेत. अमेरिकेत पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात, साल्ब्युटामोलला अल्ब्युटेरॉल आणि ॲड्रेनालिनला एपिनेफ्रिन. चुकीचा देश निवडला तर नाव सापडत नाही, आणि नाव सापडलं नाही की माणूस ‘म्हणजे चालत असेल’ असं धरून चालतो. सगळ्यात मोठा धोका हाच. यादीत न दिसलेलं औषध म्हणजे न तपासलेलं औषध, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: ब्रँडचं नाव टाकूच नका. मेडिकलवाल्याने दिलेली स्ट्रिप उलटी करा, बारीक अक्षरातला सॉल्ट (औषधाचा मूळ घटक) वाचा आणि एकेक सॉल्ट वेगळा शोधा. आपल्याकडे एकाच नावाखाली चार-चार औषधं विकली जातात. ॲस्कोरिल एलएसमध्ये लिव्होसाल्ब्युटामोल, ॲम्ब्रॉक्सॉल आणि ग्वायफेनेसिन असतं. त्यातलं लिव्होसाल्ब्युटामोल तोंडावाटे घेणं बंद आहे. ॲस्कोरिल डी प्लसमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन, फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन. ही तिन्ही बंदीत नाहीत. दुकानात नुसतं ‘ॲस्कोरिल द्या’ म्हटलं तर हातात कोणती बाटली पडेल, याचा भरवसा नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच. टेल्मा चालते, टेल्मा-एच चालत नाही, कारण त्या ‘एच’मध्ये हायड्रोक्लोरोथायझाइड आहे. ते लघवी वाढवणारं औषध असल्यामुळे कायम बंद आहे. कंपन्या घटक बदलतात, म्हणून मागच्या वर्षीचा निकाल या वर्षीच्या स्ट्रिपला लावू नये.

खेळ निवडायला सांगतात ती नुसती औपचारिकता नव्हे. प्रोप्रॅनोलॉल ही अर्धशिशीवर आणि धडधडीवर दिली जाणारी साधी गोळी. कबड्डीपटूसाठी ती चालते, पण हृदयाचे ठोके आणि हाताची थरथर कमी करते म्हणून नेमबाज आणि तिरंदाज यांना स्पर्धेबाहेरही बंद आहे. कोल्हापुरात नेमबाजी शिकणारी एवढी मुलं आहेत. त्यांच्या घरच्यांनी आणि फॅमिली डॉक्टरांनी हे एक नाव तरी लक्षात ठेवावं.

निकाल तीन प्रकारांत येतो: बंद, बंद नाही, आणि सशर्त. लोक पहिले दोन वाचतात, घसरतात तिसऱ्यावर. दम्यावरचा साल्ब्युटामोलचा पंप हे त्याचं नेमकं उदाहरण. पंपाने ओढलं तर २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, पण त्यातही कोणत्याही ८ तासांत ६०० च्या वर नाही. १०० मायक्रोग्रॅमच्या पंपात म्हणजे ८ तासांत सहा दाब. सिरप किंवा गोळी घेतली की मात्रा कितीही असो, बंद. सर्दीच्या गोळ्यांतल्या स्यूडोएफेड्रिनला फक्त स्पर्धेच्या काळात बंदी आहे आणि तीही लघवीत मिलिलिटरमागे १५० मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यास, म्हणून ते निदान २४ तास आधी थांबवायचं असतं. एक लक्षात ठेवा: ‘स्पर्धेचा काळ’ शिट्टी वाजल्यावर सुरू होत नाही, आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी होतो. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे. जुन्या दुखापतींवर ती अजून सर्रास लिहून दिली जाते.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनांबाबत नुसता निकाल पाहून भागत नाही. २०२२ पासून ग्लुकोकॉर्टिकॉइड (सूज आणि दुखणं कमी करणारं स्टेरॉइड) कोणत्याही जागी टोचलं तरी स्पर्धेच्या काळात बंद आहे, अगदी सांध्यात दिलेलंसुद्धा. त्यामुळे शेवटचा डोस आणि स्पर्धा यांत किती दिवसांचं अंतर हवं, हे वाडाच्या तक्त्यावरून पाहावं लागतं. गुडघ्यात किंवा खांद्यात दिलेल्या ट्रायअ‍ॅमसिनोलोनला १० दिवस. तेच औषध दंडात किंवा कमरेत स्नायूत दिलं तर ६० दिवस, कारण ते तिथून सावकाश झिरपत राहतं. अंगदुखीवर गावोगाव टोचलं जाणारं डेक्सामेथासोन स्नायूत असेल तर ५ दिवस. डॉक्टरांकडून औषधाचं नाव, मात्रा, तारीख आणि टोचलेली जागा कागदावर लिहून घ्या. ‘दुखऱ्या जागी सुई मारली’ एवढ्यावर कोणाचीही बाजू टिकत नाही.

सलाईनचा मुद्दा तालमींसाठी. वजन उतरवायला लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडची गोळी घ्यायची आणि वजनकाट्यावरून उतरल्यावर सलाईन लावायची, ही जुनी वाईट सवय आहे. फ्युरोसेमाइड कायम बंद आहे, तो निकाल संकेतस्थळावर लगेच मिळतो. पण मिठाचं पाणी हा बंदी असलेला पदार्थच नाही. बंदी आहे ती शिरेतून देण्याच्या पद्धतीला. १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेता येत नाही. सूट आहे ती रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा निदानाची तपासणी यांना. आपली साधी बाटली ५०० मिलिलिटरची असते. शिवाय पाणी तोडलेल्या शरीरात फ्युरोसेमाइडने पोटॅशियमही उतरतं, आणि हृदयाचा ठोका बिघडायला तेवढं पुरतं. कुस्ती घालवण्यापेक्षा पोरगा घालवण्याची भीती जास्त आहे, हे वस्तादांनी मनावर घ्यावं.

आता हे संकेतस्थळ जिथे थांबतं ती जागा. प्रोटीनचे डबे, प्री-वर्कआउट पावडर, आयुर्वेदिक चूर्ण यांबद्दल ते काहीही सांगत नाही, आणि ते योग्यच आहे. डब्यावर जे छापलंय त्यापेक्षा वेगळं आत असू शकतं, मग नावावरून निकाल देणार कसा? २०११ मध्ये अश्विनी अक्कुंजी, मनदीप कौर, सिनी जोस आणि इतर धावपटू मेथॅन्डिनोन या स्नायू वाढवणाऱ्या स्टेरॉइडसाठी सापडल्या, तेव्हा खापर जिनसेंगच्या गोळ्यांवर फुटलं होतं. बंदी तरीही लागली आणि क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली. डब्यावरचा एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक हा खाद्यपदार्थाचा परवाना असतो. त्या डब्यात स्टेरॉइड नाही असं तो सांगत नाही.

डब्यासाठी ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’चा शिक्का पाहा. त्यात प्रत्येक बॅच बाजारात येण्याआधी प्रयोगशाळेत तपासली जाते. ‘इन्फॉर्म्ड चॉइस’ हा वेगळा शिक्का आहे, त्यात बाजारातून दरमहा नमुने उचलून तपासतात. स्पर्धेत उतरणाऱ्याने पहिलाच धरावा. डब्याच्या बुडावरचा बॅच क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर शोधा. चव वेगळी असेल तर नोंदही वेगळी असते. बॅच सापडली नाही तर शिक्का कितीही ठळक असो, डबा परत करा. शिक्क्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही, आणि ‘कमिशनवर आणून देतो’ म्हणणाऱ्या जिममधल्या माणसाकडून घेतलेल्या डब्याला तर शिक्क्याचाही आधार नाही.

नाडाचं (भारताच्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं) ‘नो युअर मेडिसिन’ हे ॲप भारतीय खेळाडूसाठी आहे, म्हणून पहिला शोध तिथे घ्या आणि सॉल्टचा दुसरा पडताळा ग्लोबल डीआरओवर. दोन्हीकडे उत्तर जुळलं नाही तर औषध बंदीत आहे असंच धरा आणि नाडाला लेखी विचारा.

ग्लोबल डीआरओच्या उणिवा अशा: मराठी किंवा हिंदी नाही, भारतीय ब्रँड नाहीत, आणि तीन-चार सॉल्ट एकत्र असलेली आपली औषधं तुकड्या-तुकड्यांनी शोधावी लागतात. जमेची मोठी बाजू म्हणजे प्रत्येक शोधाला संदर्भ क्रमांक मिळतो. ते पान छापून स्ट्रिपच्या फोटोसोबत आणि केमिस्टच्या बिलासोबत ठेवा. सुनावणीत खबरदारी घेतल्याचा तोच पुरावा असतो. यादी दर वर्षी १ जानेवारीला बदलते, तेव्हा दम्याचं, रक्तदाबाचं किंवा त्वचेचं औषध नेहमी चालू असेल तर जानेवारीत ते पुन्हा तपासा. आणि उत्तर ‘बंद’ आलं, पण औषधाला पर्याय नसेल, तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज स्पर्धेच्या निदान ३० दिवस आधी तपासण्यांच्या अहवालांसह नाडाकडे जायला हवा.