पणत्या घ्या, उटणं घ्या, कंदील मात्र ओढून बघून घ्या

आधीच सांगते, कौतुक म्हणून डोळे मिटून पाच स्टार देणाऱ्यातली मी नाही. घराजवळच्या विशेष मुलांच्या कार्यशाळेतून यंदा दिवाळीचा बॉक्स घेतला, ४५० रुपये, त्यात १२ रंगवलेल्या पणत्या, उटण्याची २ पाकिटं आणि एक छोटा कंदील. भाचा तिथे जातो म्हणून घेतला हे खरंय, पण पैसे मोजलेत ना, मग लिहिणार.

पणत्या एक नंबर. बाजारातल्या निम्म्या पणत्या तेल पितात आणि खाली रांगोळीत तेलकट गोल उमटतो, ह्यांनी आतून पण रंगाचा हात दिलाय, दोन तास जळली तरी खाली कोरडं. उटण्याला वाळा आणि कपूरकाचरीचा खरा वास आहे, अत्तर ओतल्यासारखा नाही, फक्त जरा जाडसर दळलंय, तान्ह्या बाळाला नको. कंदिलाच्या झिरमिळ्या मात्र दुसऱ्याच दिवशी सुटल्या. फोन केला तर तिथल्या ताई म्हणाल्या घेऊन या, ज्याने केलाय तोच नीट करेल, त्याला कळायला नको का? गेले तर त्या मुलाने मान वर न करता सगळ्या परत चिकटवल्या आणि मलाच दम दिला, "ओढायचं नाही!"

तिथे बसले तेव्हा एक गोष्ट बघितली. आमच्या भाच्याला बारापर्यंत मोजता येत नाही, पॅकिंग तोच करतो. त्याच्यापुढे १२ खळग्यांचा लाकडी ट्रे, सगळे खळगे भरले की पाकीट बंद. बास. शाळेत इतकी वर्षं एक ते वीस घोकून घेतलं बिचाऱ्याकडून, ट्रेचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आणि शाळा तरी किती दिवस? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वर्षं, सरकारी नोकरीत ४ टक्के राखीव पण त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांग, मानसिक आजार अशा सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा, आणि परीक्षा देऊन नोकरी मिळवणारी मुलं त्यात किती असणार. अठरा झाली की बहुतेक जण घरी टीव्हीसमोर. जुहूला कॅफे अर्पण आहे, २०१८ चं, तिथे ऑटिझम, डाऊन सिंड्रोमवाली मोठी मुलं पदार्थ बनवण्यापासून वाढण्यापर्यंत कामं करतात, मिट्टी कॅफे, तेही दिव्यांग मंडळीच चालवतात, तर २०२३ ला थेट सुप्रीम कोर्टात उघडलं. छानच आहे, पण आमच्यासारख्यांनी पोराला रोज लोकलच्या गर्दीतून जुहूला कसं न्यायचं? चालत जाता येईल असं काम हवं, म्हणून ह्या कार्यशाळेचं मोल. मानधन फार नाही देत, ते वाढवायला हवं आणि हे मी ताईंना तोंडावर सांगितलंय, त्या म्हणाल्या ऑर्डरी फक्त दिवाळीला येतात हो, मार्चमध्ये कोण घेतं पणत्या.

तर ४ स्टार, एक कंदिलाचा कापला. ऑर्डर दसऱ्याच्या आधी द्या, घरपोच देत नाहीत. आणि काउंटरवर उभं राहून पणत्या मोजत बसू नका, बाराच असतात.