अंगणातला लाकडावरचा बंब: भांड्याइतकीच बसवणी तपासून घ्यावी

सोलापुरात घर उबदार ठेवण्यासाठी भट्टी लावण्याची वेळ कोणावर येत नाही. परंतु मार्गशीर्ष-पौषातल्या पहाटे, विशेषतः संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, एकत्र कुटुंबातील सर्वांच्या स्नानाचे पाणी तापवणे हा खर्चाचा आणि वेळेचा प्रश्न असतो. त्यासाठी आम्ही जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत लाकडावर चालणारा, टाकीच्या नळाला थेट जोडलेला तांब्याचा बंब बसवून घेतला. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीच्या परिसरात पत्र्याचे आणि तांब्या-पितळेचे काम करणारी एक छोटी कार्यशाळा आहे. तेथील मिस्त्रींनी तो घडवला, बसवला आणि पुढची देखभालही तेच पाहतात. त्या सर्व कामाचे हे परीक्षण आहे.

बंबाची रचना जुनीच आहे. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राखेचा कप्पा आणि नळीभोवती पाणी. जुन्या बंबात वरच्या नरसाळ्यातून थंड पाणी ओतले की ते तळाशी जाई आणि तापलेले पाणी वरच्या तोटीतून बाहेर पडे. नव्या पद्धतीत ओतण्याचे काम गच्चीवरील टाकी करते. थंड पाणी तळातून आत येते आणि गरम पाणी माथ्यावरून न्हाणीघराकडे जाते. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील थंड राज्यांत घरापासून थोड्या अंतरावर, लहानशा खोलीएवढी लाकडाची भट्टी ठेवतात. तिच्या भोवतीचे पाणी तापवून ते जमिनीखालच्या आवरण घातलेल्या नळ्यांतून पंपाने घरात फिरवतात आणि खोल्या उबदार करतात. आग बाहेर आणि ऊब आत, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे, आणि दोन्हीकडची मुख्य तक्रारही एकच आहे ती म्हणजे धूर. धुराडे बुटके असले आणि हवा कोंडून आग धुमसत ठेवली की शेजाऱ्यांना जगणे कठीण होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2015 मध्ये अशा भट्ट्यांच्या धुरासाठी मर्यादा ठरवल्या आणि 2020 पासून त्या अधिक कडक केल्या.

म्हणून या कार्यशाळेबद्दल माझे मत चांगले होण्याचे पहिले कारण हे, की मिस्त्रींनी भाव सांगण्यापूर्वी घरी येऊन जागा पाहिली. वारा कोणत्या बाजूने येतो, शेजारच्यांच्या खिडक्या कोठे आहेत, कपडे कोठे वाळतात, विजेची तार कोठून जाते आणि स्वयंपाकघरातील गॅसची टाकी कोणत्या भिंतीमागे आहे, हे सर्व त्यांनी विचारून घेतले. आम्ही सुचवलेली न्हाणीघरालगतची बोळवजा जागा त्यांनी स्पष्टपणे नाकारली, कारण तिच्यावर पत्र्याचे छत होते आणि दोन्ही बाजूंनी भिंती होत्या. लाकूड किंवा कोळसा कोंडलेल्या जागेत जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होऊन साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि तो जीव घेतो. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे होणाऱ्या दुर्घटनांचे कारणही हेच असते. ग्राहकाची सोय बाजूला ठेवून नकार देणारा कारागीर मला अधिक विश्वासाचा वाटतो.

भांडे कोणत्या धातूचे घ्यावे याविषयी त्यांनी दिलेली माहिती मला पटली. साधा लोखंडी पत्रा स्वस्त पडतो, पण आतून गंजतो. स्टेनलेस स्टील दिसायला चकचकीत असते, परंतु बोअरच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण जास्त असेल तर नेहमीच्या 304 प्रतीच्या स्टीलला, विशेषतः जोडाजवळ, बारीक छिद्रे पडू शकतात. तांबे महाग असते, पण ते उष्णता उत्तम वाहून नेते आणि कित्येक वर्षांनी मोडीत काढले तरी त्याचे मोल मिळते. आमच्याकडे महापालिकेचे पाणी काही दिवसांआड येत असल्यामुळे मधल्या दिवसांत बोअरचे पाणी टाकीत सोडावे लागते. ते लक्षात घेऊन आम्ही 60 लिटरचा तांब्याचा बंब निवडला. भाव सांगताना तांब्याचे वजन, घडणावळ आणि बसवणी हे तीन आकडे त्यांनी वेगवेगळे मांडले आणि तयार भांडे आमच्यासमोर काट्यावर ठेवले. हा व्यवहार मला चोख वाटला.

बसवणीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण बहुतेक बंब भांड्याच्या दोषाने नव्हे, तर जोडणीच्या दोषाने बिघडतात. आमच्या जागेत शहाबादी फरशी होती. आगीच्या थेट खाली ती तडकते, म्हणून मिस्त्रींनी तिच्यावर भट्टीच्या विटांचा ओटा बांधला आणि भिंतीपासून दीड फूट अंतर सोडले. थंड पाण्याची नळी त्यांनी इतर नळांच्या फाट्यावरून न घेता टाकीपासून स्वतंत्र आणली. त्यामुळे टाकी रिकामी झाली आणि खालचा एखादा नळ उघडा राहिला, तरी बंबातील पाणी उलटे ओढले जात नाही. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात ही काळजी फार महत्त्वाची आहे, कारण कोरड्या भांड्याखाली आग पेटली की डाख वितळून जोड सुटतात.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे माथ्यावरील मोकळी नळी. पाणी 20 अंशांवरून 80 अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे पावणेतीन टक्क्यांनी वाढते, म्हणजे 60 लिटरच्या बंबात दीड लिटरहून अधिक पाण्याला जागा हवी असते. ती मिळाली नाही आणि पुढे वाफ धरू लागली, तर भांडे फुटते. आमच्या बंबाची वाफेची नळी टाकीतील पाण्याच्या पातळीच्या वर नेऊन तिचे तोंड टाकीकडे वळवलेले आहे, आणि तिच्यावर कोठेही व्हॉल्व्ह नाही. नात्यातील एका घरी दुसऱ्या कोणा कारागिराने याच नळीवर बंद-चालू करण्याचा कॉक बसवून ठेवला होता. आमच्या मिस्त्रींनी तो पाहताच काढून टाकला आणि त्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

गरम पाण्याच्या वाटेवर पहिली काही फूट धातूची नळी आणि पुढे सीपीव्हीसी म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची नळी, अशी रचना आहे. साधी पीव्हीसी नळी इतक्या उष्णतेने मऊ पडून वाकते. तांब्याचे भांडे आणि जस्ताचा मुलामा असलेली लोखंडी नळी यांचा थेट जोड केला तर लोखंड लवकर खाल्ले जाते. तेथे त्यांनी मध्ये पितळी जोड दिला आहे. हे काम डोळ्यांना दिसत नाही, पण चार-पाच वर्षांनी त्याचा फरक कळतो.

धुराडे सरळ उभे आहे आणि गच्चीच्या कठड्याच्या तीन फूट वर नेलेले आहे. काटकोनात वळवलेल्या धुराड्यात काजळी साचते आणि ओढ कमी होते. माथ्यावर पावसासाठी टोपी आहे, पण तिला बारीक जाळी लावलेली नाही, कारण तशी जाळी काजळीने बुजते. पेटवताना सुरुवातीला काही वेळ धूर दिसतो. त्यानंतर लाकूड कोरडे असेल तर तो जवळजवळ नाहीसा होतो.

लाकडाचा हिशेबही येथे मांडतो. 60 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर नेण्यास 2400 किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो कोरड्या लाकडातून साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी मिळतात. त्यातील निम्मी धुराबरोबर गेली असे धरले, तरी दीड किलोच्या आत काम व्हायला हवे. ओले लाकूड घातले की यातील बरीच उष्णता लाकडातलेच पाणी उडवण्यात जाते. आपल्या भागात वेडी बाभूळ मुबलक आहे आणि ती उत्तम जळते. तुरकाठ्या पेटवणीला चांगल्या, उसाचे पाचट मात्र भडकून विझते. दोन फाटे एकमेकांवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला तर लाकूड वाळले आहे असे समजावे, ही मिस्त्रींनी सांगितलेली खूण खरी ठरते. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड आणि प्लास्टिक बंबात जाळू नये, हे त्यांनी घरातील सर्वांना एकत्र बसवून सांगितले.

देखभालीची सेवा चांगली आहे, पण निर्दोष नाही. हंगामाच्या सुरुवातीला मिस्त्रींचा माणूस येऊन तारेच्या ब्रशने मधली नळी आणि धुराडे झाडतो, तळाचा कॉक उघडून गाळ काढतो आणि क्षाराचा थर लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्याने सोडवतो. संडास धुण्याचे तीव्र आम्ल वापरून तोच थर पटकन निघतो, परंतु ते तांबे आणि डाख दोन्ही खाते, म्हणून ते त्यांच्याकडे वर्ज्य आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे टाकीचे पाणीच इतके तापते की बंबाची गरज उरत नाही. तेव्हा राख पूर्ण काढून ठेवावी लागते, कारण राख हवेतील ओल धरते आणि खालची जाळी गंजवते. हे काम घरच्यांनीच करायचे आहे आणि ते अवघड नाही.

आता उणिवा. गरम नळीवरील उष्णतारोधक आवरण मूळ भावात धरलेले नव्हते. ते नंतर वेगळे पैसे देऊन घ्यावे लागले, आणि त्याशिवाय दूरच्या न्हाणीघरात पाणी कोमट पोहोचत होते. आगीच्या दाराची मूठ लोखंडी असून ती हाताला चटका देते. लाकडी मूठ बसवून देण्याचे आश्वासन अद्याप पूर्ण झालेले नाही. पक्के बिल मिळाले, पण हमी केवळ तोंडी आहे. लग्नसराईत मंगल कार्यालयांची मोठी कामे आली की घरगुती ग्राहकाला बरीच वाट पाहावी लागते, हा त्यांच्या सेवेतील सर्वांत खटकणारा भाग आहे.

सदनिकेत राहणाऱ्यांसाठी हा पर्याय नाही. ज्यांच्या गच्चीवर सौर बंब आहे त्यांनाही, ढगाळ दिवस आणि पाहुण्यांची गर्दी वगळता, याची फारशी गरज भासणार नाही. सोलापूरच्या उन्हात सौर बंबच पहिला पर्याय असावा, असे मला वाटते. परंतु स्वतंत्र घर, मोकळी बाजू, मोठे कुटुंब आणि शेतातून येणारे सरपण असेल, तर या कार्यशाळेकडे जाण्याची शिफारस मी मनापासून करतो. मागणी दसऱ्यापूर्वी नोंदवावी, कारण दिवाळीच्या अभ्यंगस्नानाआधी बंब हवा असणाऱ्यांची तेथे रांग लागते. आणि आवरण, लाकडी मूठ व हमी या तीन गोष्टी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कागदावर लिहून घ्याव्यात.