फुले मार्केटमधला मांजरपाट अंगावर वागवून पाहिला

फॅशन डिझाइनला प्रवेश घेतला की मांजरपाट, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं सुती कापड, लगेच हातात येतो, पण तो घालण्यासाठी कुणी शिवत नाही. पॅटर्न अंगावर नीट बसतो का हे बघायला आधी मांजरपाटात कच्चा नमुना शिवायचा, त्यावर पेनाने खुणा करायच्या, उसवायचा, पुन्हा टाके घालायचे. खरा कपडा भारी कापडात तयार झाला की नमुना फेकायचा. सेमिस्टर संपताना आमच्या लॅबमध्ये अशा नमुन्यांनी पोती भरलेली असतात. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला मी सस्टेनेबल कपडे हा विषय घेतला, तेव्हा त्या पोत्यांकडे बघून ठरवलं की सगळे कपडे मांजरपाटातच करायचे. ते कपडे आता पावसाळाभर वापरून, धुऊन, शेतात नेऊन झालेत. म्हणून या कापडाबद्दल सविस्तर लिहिते.

जळगावला फुले मार्केटच्या आतल्या गल्ल्यांत मांजरपाट सुटा मीटरवर मिळतो, अख्खा तागाही मिळतो. मी ४४ इंच पन्ह्याचा घेतला, ७८ रुपये मीटर. ३६ इंची त्याहून स्वस्त होता, पण मला हव्या त्या मापात तो बेताला पुरत नव्हता. काउंटरवरच्या काकांनी दोन तागे उलगडून टाकले. दोन्ही तसेच पिवळसर, दोन्हींवर सरकीच्या टरफलाचे बारीक काळे ठिपके. रंगवायचं आहे म्हटल्यावर त्यांनी एक तागा स्वतःच बाजूला सारला. "ताई, हा पीसी आहे, म्हणजे पॉलिएस्टर-कॉटन मिसळीचा. चुरगळत नाही म्हणून गिऱ्हाईक मागतं. तुमच्या कामाचा नाही, रंग धरणार नाही. हा प्युअर घ्या." सगळीकडे असं सांगणारा माणूस भेटेलच असं नाही, म्हणून कडेचा एक तुकडा मागून घ्यायचा आणि बाहेर येऊन जाळून बघायचा. उभा धागा वेगळा काढायचा, आडवा वेगळा, कारण कधी कधी ताणा सुती आणि बाणा मिसळीचा असतो. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चोळली की भुगा होते. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं आणि टोकाला टणक मणी राहतो. माझ्या तुकड्याच्या दोन्ही धाग्यांची राखच झाली.

तुलनेसाठी मी एका ऑनलाइन साइटवरून 'नैसर्गिक बांबू-लिनन' असं लेबल लावलेलं कापडही मागवलं होतं, ६४० रुपये मीटर. हाताला फार सुरेख, पडही छान, म्हणजे अंगावर झुळझुळीत लोंबणारं. जाळून बघितलं तर उभ्या धाग्याला मणी आला. विचारणा केली, उत्तर आलं नाही. पुढे वाचताना हेही कळलं की बांबूचं म्हणून विकलं जाणारं मऊ कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवून त्याचा धागा ओढतात. हे कार्बन डायसल्फाइड कारखान्यात हुंगणाऱ्या कामगारांच्या मज्जासंस्थेवर परिणाम करतं. टॅगवर हिरवं पान छापलं तरी ते बदलत नाही.

मांजरपाटाच्या बाबतीतही मी खोटं बोलणार नाही. तो सेंद्रिय नाही. आपल्याकडचा बहुतेक कापूस बीटी आहे, त्याला खत लागतं, गुलाबी बोंडअळी आली की फवारणी वाढते. माझ्या मामांकडे धरणगाव तालुक्यात कापूस असतो, तेव्हा हे घरातलंच आहे. पण मांजरपाट ब्लीच केलेला नसतो, रंगवलेला नसतो, त्यावर कसलंही फिनिशिंग नसतं. मागावरून उतरतो तसाच आपल्या हातात येतो. कापड तयार होण्याच्या साखळीत सर्वात जास्त पाणी नासतं ते ब्लीच, रंग आणि फिनिशिंगमध्ये, आणि ते सगळं इथे अजून व्हायचं असतं. पुढे काय करायचं ते आपल्या हातात उरतं. डिझायनरला याहून मोठी सवलत कुठलं कापड देतं?

एके काळी हा कापूस इथेच विणला जायचा. जळगावला खानदेश मिल होती, अमळनेर आणि धुळ्यात प्रताप शेटजींच्या नावाच्या मिल होत्या. आता रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधून बाहेर जातात, सूत कुठेतरी कातलं जातं आणि कापड मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या पॉवरलूमवरून परत येतं. मालेगाव धुळ्याहून जेमतेम पन्नास किलोमीटर, म्हणजे त्यातल्या त्यात जवळचं. मी कापडाचं वजन केलं. ४४ इंची एक मीटर साधारण १५५ ग्रॅम भरलं. क्विंटलभर कापसातून ३४-३५ किलो रुई निघते, बाकी सरकी. सूत कातताना होणारी घट धरली तर एका मीटरमागे साधारण अर्धा किलो कापूस लागतो. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता. तो खरोखर मिळाला असं धरलं तर ७८ रुपयांतले ३७-३८ रुपये कापसाचे. ६४० रुपयांच्या मीटरमध्ये शेतकऱ्याचा वाटा किती, हे मला कुणी मांडून दाखवावं.

आता वापराकडे येते. मांजरपाट न धुता शिवायचाच नाही. त्यात खळ भरपूर असते आणि तो चांगलाच आटतो. मी मीटरभराचा तुकडा मोजून उकळला, लांबीत सात सेंटीमीटर गेलं, पन्ह्यात त्याहून कमी. पद्धत सोपी आहे. रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचा, सकाळी ते चिकट पाणी ओतून द्यायचं, मग धुण्याचा सोडा टाकून तासभर खळखळ उकळायचा. पातेल्यातलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, कापसातलं मेण आणि खळ त्यात उतरलेली असते. उन्हात वाळला की हाताला लागणारा तो पुठ्ठ्यासारखा कडकपणा गेलेला असतो. खरं कापड तेव्हा कळतं.

रंग हा या प्रोजेक्टमधला माझा सर्वात आवडता भाग, आणि मांजरपाटाने इथे मला निराश केलं नाही. हळद, पळसाची फुलं, डाळिंबाची सालं आणि केळीचं पाणी, असे चार रंग मी करून पाहिले. सुताला रंग सहज धरत नाही, आधी त्याला तुरट काहीतरी पाजावं लागतं. त्यासाठी कापडाच्या वजनाच्या वीस टक्के हिरड्याची पूड, नंतर पंधरा टक्के तुरटी. डाळिंबाची सालं जळगावच्या रसवाल्यांकडे पिशवीभर फुकट मिळतात, पळसाची फुलं सातपुड्याच्या पायथ्याला होळीच्या सुमारास झाडाखालीच पडलेली असतात.

केळीचं पाणी मात्र घरचं. आमचं गाव यावल तालुक्यात, फैजपूरच्या बाजूला. केळी कापायला जाणाऱ्या माणसाचे कपडे आमच्याकडे लांबून ओळखू येतात. खांबातून गळणारं पाणी लागतं तेव्हा ते पाण्यासारखंच दिसतं, वाळता वाळता तपकिरी होतं आणि मग कुठल्याच साबणाने निघत नाही. म्हणून केळीत जाताना जुना, फाटका शर्ट घालायचा, अशी सगळ्यांची रीत. जो डाग निघत नाही म्हणून आई माझ्या लहानपणापासून कुरकुर करते, तो रंग म्हणून का नको? केळीच्या झाडाला घड एकदाच येतो. घड उतरला की खांब तोडून बांधावर टाकतात, तेव्हा कच्च्या मालाला तोटा नाही. खांबाच्या चकत्या करून पाट्यावर ठेचल्या, फडक्यातून पाणी पिळलं आणि हिरडा दिलेलं कापड त्यात बुडवून उन्हात टाकलं. पहिल्या हाताला फक्त मळकट रंग येतो. वाळवून पुन्हा बुडवलं की बदामी, आणखी हात दिले की गडद चहाचा. त्यातलाच एक तुकडा लोखंडाच्या पाण्यात घातला, म्हणजे जुने खिळे आणि गूळ पाण्यात आंबवून केलेलं पाणी. काही क्षणांत तो पाटीसारखा करडा झाला. हा बदल डोळ्यांसमोर होतो, आणि वहिनीसुद्धा हातातलं काम टाकून बघायला आली. लोखंड बेताने वापरायचं. जास्त झालं तर सूत कमजोर होतं आणि काही धुण्यांनंतर घडीवर तुटतं.

मग चारही रंगांच्या पट्ट्या अर्ध्या काळ्या कागदाने झाकून मे महिन्यात गच्चीवर टाकल्या. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन म्हणजे वेगळ्या परीक्षेची गरज नाही. हळद आठवडाही टिकली नाही. पळस फिकट झाला. डाळिंबाचा खाकी बराचसा राहिला. केळीच्या पट्टीचा झाकलेला आणि उघडा भाग शेजारी धरून बघितला तर फरक शोधावा लागत होता. विकायच्या कपड्याला हळद आणि पळस लावून 'नैसर्गिक रंग' म्हणून पैसे घ्यायचे नाहीत, हे मी त्या दिवशी ठरवलं.

शिवायला मी अमळनेरच्या एका जुन्या शिंप्यांकडे, नानांकडे गेले. त्यांचे वडील मिलमध्ये होते. नाना आता फक्त ओळखीच्यांचं शिवतात. त्यांनी कापड दोन्ही हातांत धरून झटका दिला, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "हाई कापड लवकर मरस नही, माय." माझा कागदी पॅटर्न त्यांनी बघितला आणि बाजूला ठेवला. मग कळ्यांचा सदरा कसा बेततात ते दाखवलं. खांद्यावर घडी घालून पुढचा-मागचा भाग एकाच पट्ट्यात, बाह्या दोन सरळ आयत, बगलेत चौकोनी चौबगला. बाजूच्या कळ्यांसाठी एक आयत कर्णावर कापायचा, त्याचे दोन तुकडे उलटसुलट लावले की घेर मिळतो. खडूची रेघ सोडून दुसरीकडे कात्री फिरत नाही. गळ्याचा जो गोल निघतो तो आतून ठिगळासारखा मानेखाली बसवतात, घाम तिथेच मुरतो. कारखान्यात बेतताना साधारण पंधरा टक्के कापड कतरणीत जातं असं आम्हाला शिकवतात, आणि कतरण टाळायच्या पद्धती आम्ही परदेशी डिझायनरांच्या उदाहरणांवरून अभ्यासतो. नानांच्या टेबलाखाली त्या सदऱ्याची कतरण मुठीत मावेल एवढी होती. चौबगल्यामुळे हात वर केला तरी सदरा वर ओढला जात नाही, आणि बगल फाटली तर फक्त तेवढा चौकोन बदलता येतो. ही दुरुस्तीची सोय मला कतरण वाचण्यापेक्षाही मोलाची वाटते.

केळीच्या रंगातला तो सदरा मी आत्याला दिला. ती रोज शेतात जाते, तिच्याइतका कठोर परीक्षक कॉलेजात नाही. तिने आधी खिसा उजवीकडे हलवायला लावला आणि मोबाईल वाकल्यावर पडू नये म्हणून खोल करायला सांगितला. पावसाळाभर तिने तो घातला, नदीच्या पाण्यात आपटून धुतला. शिवण एकाही जागी उसवली नाही. कोपराला आणि खांद्याला कापड मऊ पडलंय, रंग तिथे जरा उजळ आहे. नवे डाग पडलेत, पण ते त्याच रंगात मिसळून गेलेत. तिची तक्रार एकच, भिजला की जड होतो आणि झडीच्या दिवसांत वाळता वाळत नाही.

ही तक्रार खरी आहे, आणखीही आहेत. मांजरपाट चुरगळतो, आणि इस्त्री दुपारपर्यंत टिकत नाही. त्याला पड नाही, म्हणून घेरदार झगा किंवा चुण्यांचा स्कर्ट यात शिवू नका, तो अंगापासून फुगून राहतो. तागा बदलला की पोत बदलतो. माझ्या दुसऱ्या खेपेच्या कापडात मध्येच जाड धागे होते आणि एका जागी मागाच्या तेलाचा डाग. तेलावर रंग चढत नाही, तेव्हा दुकानातच कापड उजेडात धरून पूर्ण उलगडून बघा. काळे ठिपके रंगानंतरही दिसतात. मला ते आवडतात, पण व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी "हे अस्तर आहे का?" असं विचारलं होतं. मी त्यांच्या हातात आत्याचा सदरा दिला.

खादीशीही तुलना व्हायला हवी. हातकताईची खादी जास्त मऊ, जास्त मोकळी, उन्हाळ्यात तिला तोड नाही, आणि तिच्यामागे माणसांचा रोजगार आहे. परवडत असेल तर जरूर घ्या. पण मला मिळाली ती मांजरपाटाच्या तिपटीहून महाग होती, आणि मजुरीला जाणाऱ्या बाईला परवडेल असा कपडा करायचा तर ते गणित जुळत नव्हतं. आत्याच्या सदऱ्याला अडीच मीटर कापड लागलं, १९५ रुपये. हिरडा, तुरटी, सोडा, गॅस मिळून साठेक रुपये, नानांची शिलाई ३०० रुपये. माझी मेहनत धरली नाही तर साडेपाचशेच्या आसपास.

शेतात, वर्कशॉपमध्ये, स्वयंपाकघरात रोज घालायच्या कपड्यासाठी, मुलांच्या झबल्या-बंड्यांसाठी, पिशव्यांसाठी हे कापड मी बिनधास्त सुचवेन. लग्नाकार्याला नाही. घेताना पन्हा विचारा, प्युअर की पीसी ते विचारा, दोन्ही बाजूंचे धागे जाळून बघा आणि मीटरमागे दहा सेंटीमीटर जास्त घ्या. फॅशनच्या विद्यार्थ्यांनी ताग्यावर घेतलं तर दर कमी होतो. आमच्या वर्गातल्या काही जणी आता मिळून तागा घेतात, आणि कच्चे नमुने फेकण्याऐवजी उसवून, उकळून केळीच्या पाण्यात घालायला माझ्याकडे आणून देतात.